आधी काय वाचलं जाईल?

घरात भिंतीवर कालनिर्णय असेल तर त्याच्यापासून दहा फूट लांब उभे राहा. काय दिसतं? तारखांचे ठळक आकडे आणि त्यातले लाल कुठले, एवढंच. चार पावलं पुढे या, सणांची नावं वाचता येतात. आता अगदी जवळ जा, लागत असेल तर चष्मा लावा. तिथी, नक्षत्र, संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ सापडते. पान उलटलं की मागे लेख आणि पाककृती. स्वयंपाकघरातून ओट्यापाशी उभं राहून तारीख बघणारी बाई, रविवार कधी ते शोधणारं पोर आणि उपासाचा दिवस बघणारे आजोबा या तिघांची सोय एकाच कागदावर आहे आणि कुणी कुणाच्या आड येत नाही. तारखेभोवती थोडी मोकळी जागा उरते, तिथे दुधाचा हिशोब आणि गॅस कधी लावला याची नोंद होते.

जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेली ही दिनदर्शिका मी माझ्या मांडणीच्या वर्गात पहिल्या दिवशी टांगते. पानाच्या मांडणीबद्दल जे जे शिकायचं ते बहुतेक सगळं तिच्यात आहे. महत्त्वाचं ते मोठं. लाल रंगाला एकच काम, सुट्टी दाखवण्याचं. जानेवारीत जे जिथे असतं ते डिसेंबरातही तिथेच, त्यामुळे शोधावं लागत नाही. मांडणी करणाऱ्यानं आधी ठरवायचं की हा कागद कोण वाचणार, कुठून वाचणार आणि किती घाईत. मग त्या माणसाच्या नजरेला क्रम लावून द्यायचा. अक्षराचा आकार, रंग, रिकामी जागा, फाँट हे सगळं त्या क्रमाच्या सेवेला.

मी पुण्यात पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची मांडणी करते आणि शनिवारी संध्याकाळी हे शिकवते. वर्गात तऱ्हेतऱ्हेची माणसं येतात. पतसंस्थेचा वार्षिक अहवाल अंगावर पडलेले कारकून, शाळेचा वार्षिकांक काढणाऱ्या शिक्षिका, स्वतःचा कवितासंग्रह स्वतःच छापू पाहणारे कवी आणि डीटीपी करणारी तरुण मुलं. या मुलांचा हात संगणकावर माझ्यापेक्षा जलद चालतो. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: कुठलं सॉफ्टवेअर शिकवणार? पेजमेकर १९८५ साली आलं आणि डीटीपीवाल्यांची एक अख्खी पिढी त्याच्यावर जगली. १९९९ मध्ये इनडिझाइन आलं. फ्लेक्स आणि पत्रिकांसाठी कोरलड्रॉ आहे, फुकट हवं तर स्क्राइबस आहे आणि आता मोबाइलवर कॅनव्हात पत्रक तयार होतं. साधनं बदलत राहतात, पानावरून माणसाची नजर फिरण्याची रीत तीच राहते. म्हणून पहिले काही शनिवार मी संगणक सुरूच करू देत नाही. पेन्सिल, फूटपट्टी, कात्री आणि कोरे कागद.

सरावाला मी एक पत्रक देते. एका तालुक्याच्या गावातल्या मंडळानं भरवलेल्या मोफत नेत्रतपासणी शिबिराचं ते पत्रक आहे. असं पत्रक तुम्ही पाहिलेलं आहे, मी खात्रीनं सांगते. सगळ्यांत वर देवाचं नाव. त्याखाली कमानीसारखं वाकवलेलं मंडळाचं नाव आणि नोंदणी क्रमांक. मग प्रमुख पाहुणे, अध्यक्ष, स्वागताध्यक्ष यांचे गोलात कापलेले फोटो, काही मोठे काही लहान. मध्यावर लाल अक्षरांत, पिवळी किनार आणि मागे सावली देऊन, ‘भव्य मोफत नेत्रतपासणी शिबिर’. तारीख, वेळ आणि ठिकाण तळाला, निळ्या पट्टीवर बारीक पांढऱ्या अक्षरांत. चारही बाजूंनी वेलबुट्टीची चौकट, आणि एका कागदावर पाच फाँट.

हे पत्रक कुणासाठी आहे? मोतीबिंदू झालेल्या माणसासाठी. ज्याला नीट दिसत नाही त्यानं जे वाचायचं तेच इथे सगळ्यांत बारीक आहे.

मी पत्रकातलं एकेक वाक्य वेगळ्या चिठ्ठीवर लिहायला लावते आणि चिठ्ठ्या टेबलावर वरून खाली लावायला सांगते. एस.टी. स्टँडच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या साठीच्या शेतकऱ्याला आधी काय कळायला हवं? डोळे तपासणार आहेत. पैसे लागत नाहीत. कधी. कुठे. सोबत काय आणायचं: आधार कार्ड, जुना चष्मा, चालू औषधांची चिठ्ठी. अडलं तर फोन कुणाला करायचा. त्यानंतर मंडळाचं नाव. वर्गात इथे खरा वाद होतो, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. ‘मोफत’ मोठं की ‘नेत्रतपासणी’ मोठं, यावर लोक तावातावानं बोलतात. ‘भव्य’ची चिठ्ठी मात्र कुणीच वर ठेवत नाही. ती आपोआप बाजूला पडते.

क्रम ठरला की चिठ्ठ्या एकमेकींजवळ सरकवायच्या. तारीख, वेळ आणि ठिकाण यांचा एक गट. काय आणायचं त्याचा दुसरा. गटातल्या ओळींमध्ये कमी अंतर, दोन गटांमध्ये त्याच्या दुप्पट. एवढं केलं की चौकटी, रेघा, चांदण्या यांची गरज उरत नाही. कशाबरोबर काय वाचायचं ते रिकाम्या जागेनंच सांगितलेलं असतं. काम देणारे नेहमी विचारतात, ही जागा रिकामी का सोडली, कागदाचे पैसे दिलेत ना. त्यांना मी दोन्ही नमुने भिंतीला लावून लांबून वाचायला सांगते. पटवण्याचा दुसरा उपाय मला सापडलेला नाही, आणि लागलेलाही नाही.

मग आकार. या पत्रकाला तीन पुरतात. एका इंचात ७२ पॉइंट धरतात. शिबिराचं नाव ७२ पॉइंट, तारीख आणि ठिकाण ३६, बाकी सगळं १८. मोठं करायचं तर दिसेल इतकं मोठं करा. १८ च्या शेजारी २० पॉइंट टाकलं तर वाचणाऱ्याला तो ठळकपणा वाटत नाही, छापणाऱ्याची चूक वाटते.

सगळं मध्यभागी लावायची सवय आपल्याला लग्नपत्रिकेनं लावली आहे. पत्रिकेत ती शोभते, कारण तिथे ओळी छोट्या असतात आणि वाचणारा निवांत असतो. माहितीच्या पत्रकात तीच सवय त्रास देते. प्रत्येक ओळ वेगळ्या जागी सुरू होते, नजरेला दर ओळीला नवी सुरुवात शोधावी लागते. डोळा अधू असेल तर ओळ चुकते. सगळ्या ओळी डावीकडे एका सरळ रेषेत सुरू केल्या की नजर दर वेळी ठरलेल्या जागी परत येते. त्या रेषेवर फोटोंची डावी कडही बसवायची आणि फोन नंबरही.

फोटो काढून टाका असं मी कधीच सांगत नाही. गावातल्या पत्रकावरचे फोटो वर्गणीशी आणि मानाशी बांधलेले असतात, ते मांडणीकारानं मान्य करायला हवं. ते खाली एका ओळीत घ्यायचे, सगळे एका उंचीचे कापायचे, सगळ्या चेहऱ्यांचे डोळे साधारण एका पातळीवर आणायचे. मान राहतो आणि वरची जागा आजारी माणसाच्या कामाला येते.

रंगाची परीक्षा सोपी आहे. पत्रकाचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. लाल अक्षरं निळ्या पट्टीत विरघळली, पिवळी पांढऱ्यात नाहीशी झाली, तर रंग वेगळे असूनही उजेड-अंधारातला फरक कमी होता असं समजा. म्हाताऱ्या डोळ्यांना तो फरकच वाचायला मदत करतो. या पत्रकावर आम्ही पांढऱ्यावर काळी अक्षरं ठेवतो आणि लाल रंग फक्त ‘मोफत’ला देतो.

जवळ ठेवणं, एका रेषेत लावणं, ठरवलेलं तेच पुन्हा वापरणं आणि फरक ठळक करणं, ही चार तत्त्वं रॉबिन विल्यम्स या अमेरिकन लेखिकेनं ‘द नॉन-डिझायनर्स डिझाइन बुक’मध्ये १९९४ साली सोप्या भाषेत मांडली. जगभर नवशिके त्या पुस्तकावर शिकतात. मीही ते वाचायला सांगते. पण अशी पुस्तकं रोमन लिपी डोळ्यासमोर ठेवून लिहिलेली असतात आणि त्यातली मापं जशीच्या तशी उचलली की मराठी पान बिघडतं. आपल्या लिपीची गरज वेगळी आहे, आणि मला सगळ्यांत जास्त कळकळ वाटते ती याच भागाबद्दल.

पहिली गोष्ट म्हणजे देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत. इंग्रजी मांडणीकार शीर्षक, उपशीर्षक, टीप यांत फरक करायला कॅपिटल वापरतो, छोटी कॅपिटल वापरतो, तिरकी इटालिक वापरतो. आपल्याला यातलं पहिलं नाही, दुसरं नाही, आणि तिरप्या अक्षराची आपल्या लेखनात परंपरा नाही. संगणक अक्षर ढकलून तिरपं करून देतो खरं, पण सगळे काने कलतात आणि शिरोरेषा मात्र आडवीच राहते. ते अक्षर पडायला आल्यासारखं दिसतं. अधोरेखन करावं तर ती रेघ उकारांना आणि ऋकारांना कापते. शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांमध्ये अंतर वाढवावं तर शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. मग उरतं काय? अक्षराचा आकार, वजन, रंग आणि जागा. याच चार गोष्टींवर मराठी पान उभं राहतं. म्हणून हलकं, मध्यम, ठळक आणि जाड अशी निदान चार वजनं असलेला फाँट घ्या. एका कुटुंबातली चार वजनं पाच वेगळ्या फाँटांपेक्षा कितीतरी जास्त कामाला येतात.

दुसरी गोष्ट ओळींमधल्या अंतराची. देवनागरीची ओळ तीन मजल्यांची असते. शिरोरेषेखाली मूळ अक्षर, वरच्या मजल्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि तळघरात उकार आणि जोडाक्षरांचे खालचे अवयव. ‘राष्ट्रीय’ हा एक शब्द घ्या. त्यातली ‘ष्ट्री’ वरही चढते आणि खालीही उतरते. आता वरच्या ओळीत ‘समूह’ आहे आणि बरोबर त्याच्याखाली ‘विद्यार्थी’ आला असं समजा. ‘मू’चा ऊकार खाली लोंबतो, ‘र्थी’ची वेलांटी रफारासह वर येते आणि दोघांची टक्कर होते. मांडणीची बरीच सॉफ्टवेअरं आपणहून अक्षराच्या आकाराच्या सव्वापट किंवा त्याहून थोडं कमी अंतर देतात. इनडिझाइनमध्ये ते १२० टक्के असतं. म्हणजे १२ पॉइंटच्या अक्षराला १४.४ पॉइंटांची ओळ. रोमनला ते चालतं. मराठी मजकुराला मी १२ वर १७ किंवा १८ देते. छापून आलेलं पान हातात धरल्यावर काळेपणा सगळीकडे सारखा वाटला पाहिजे, कुठे गच्च आणि कुठे विरळ असं नको. शीर्षकाचं मात्र उलट आहे. मोठ्या अक्षरांच्या दोन ओळी त्याच प्रमाणात लांब ठेवल्या तर एकमेकींपासून सुटतात. तिथे नेमक्या कुठल्या अक्षराखाली कुठलं अक्षर येतं ते बघून अंतर हातानं कमी करायचं. वेलांटी-उकारांची टक्कर होत नसेल तर बिनधास्त जवळ आणा.

तिसरी गोष्ट रकान्यांची. मराठी शब्द प्रत्यय पोटात घेऊन लांब होतो. दिवाळी अंकाचं पान बऱ्याचदा सव्वासात बाय साडेनऊ इंचांचं असतं. समास वजा जाता मजकुराला सहा इंच रुंदी मिळते. तिथे हौसेनं तीन रकाने पाडले की प्रत्येकाला दोन इंचही येत नाहीत, आणि १२ पॉइंटात चार-पाच शब्द जेमतेम मावतात. त्यात ‘महाविद्यालयांमध्येसुद्धा’ हा एक शब्द आला की निम्म्याहून जास्त ओळ त्याचीच. दोन्ही बाजूंनी ओळ सरळ करण्याची आज्ञा दिलेली असते, म्हणून संगणक उरलेल्या शब्दांमध्ये भगदाडं पाडतो. ती एकाखाली एक आली की पानावर पांढरे ओहोळ वाहताना दिसतात. दोनच रकाने पाडा, रुंदी जवळजवळ तीन इंच होते आणि ओळ श्वास घेते. तीन हवेतच असं असेल तर डावी बाजू सरळ ठेवा आणि उजवी मोकळी सोडा. उजवी बाजू वेडीवाकडी दिसते म्हणून नाक मुरडणारे संपादक आहेत, पण वाचकाला भगदाडांचा त्रास होतो, मोकळ्या कडेचा होत नाही. कथा-कादंबरीच्या डेमी आकारात, साडेपाच बाय साडेआठ इंचांत, चार इंचांची एकच ओळ घेतली की तिच्यात नऊ-दहा शब्द बसतात. ते माप मराठी डोळ्याला फार सुखाचं आहे.

पानाच्या मांडणीची जाण आपल्याकडे परक्यांनी आणली असं कुणी म्हणालं तर मी त्याला पोथी दाखवते. आडवं पान, दोन्ही बाजूंना तांबड्या उभ्या रेघांनी आखलेला समास, आणि आखलेल्या ओळींवर एकसारखी टांगलेली अक्षरं. टीकेसह लिहिलेल्या पोथ्यांत तर क्रमाचा प्रश्न किती सुंदर सोडवला आहे! मूळ श्लोक पानाच्या मधोमध मोठ्या अक्षरात आणि त्याची टीका वर आणि खाली बारीक अक्षरात. या रचनेला त्रिपाठ म्हणतात. टीका डाव्या-उजव्या समासातही पसरली की पंचपाठ. मूळ काय आणि त्याच्यावरचं भाष्य कुठलं हे एकही अक्षर न वाचता कळतं. पुण्यातल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. मांडणी शिकणाऱ्यानं तो एकदा तरी या नजरेनं पाहावा.

छपाई आल्यावर हीच शिस्त खिळ्यांत उतरवायला पुष्कळ कष्ट पडले. इंग्रजीला जितके खिळे लागतात त्याच्या कितीतरी पट देवनागरीला लागायचे, कारण जोडाक्षरं आणि मात्रांचे वेगळे खिळे. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यानं एकोणिसाव्या शतकात जी देवनागरी अक्षरं घडवली त्यांचं वळण अजून कित्येकांना आदर्श वाटतं. बापूराव नाईकांचा ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हा १९७१ सालचा ग्रंथ या साऱ्या वाटचालीची मांडणी करतो; जाडजूड आहे, ग्रंथालयात बसून वाचावा. पुढे र. कृ. जोशींनी पवईच्या आय.आय.टी.त अक्षरकलेचं शिक्षण दिलं, आणि विंडोजच्या संगणकांवर वर्षानुवर्षं दिसत आलेला ‘मंगल’ हा फाँट त्यांच्याच हातचा. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या नावांना जी अक्षरं दिली ती पाहून तर मी या धंद्यात आले. वर्तमानपत्राच्या जाहिरातींच्या गर्दीत, बोटभर जागेत, प्रत्येक नाटकाचं नाव आपल्याच चेहऱ्यानं उभं राहायचं. दीनानाथ दलालांच्या ‘दीपावली’चे अंक रद्दीच्या दुकानात मिळाले तर सोडू नका. चित्रांसाठी लोक ते जपतात. मी विद्यार्थ्यांना चित्र आणि शीर्षक यांच्यामधली मोकळी जागा बघायला लावते.

मी शिकले तेव्हा पान कात्रीनं आणि गोंदानं लागायचं. मजकूर ब्रोमाइडच्या लांब पट्ट्यांवर यायचा. त्या कापायच्या, काचेच्या दिव्याच्या टेबलावर जाड कागद ठेवून त्यावर चिकटवायच्या. कागदावर आधी फिकट निळ्या पेन्सिलीनं समास आणि रकाने आखून घ्यायचे; छपाईच्या कॅमेऱ्याला फिकट निळा दिसत नसे, त्यामुळे रेघा फिल्मवर उतरत नसत. पट्टी केसभर वाकडी लागली तर छापून आल्यावर अख्खं पान कललेलं दिसायचं. मी जिथे शिकले तिथले ज्येष्ठ कलाकार प्रत्येक पान उलटं धरून बघायचे, डोकं खाली पाय वर. उलट्या पानावर शब्द वाचता येत नाहीत, नुसतं वजन दिसतं: कुठे काळं साचलंय, कुठे भोक पडलंय. मी अजून संगणकावरचं पान छापून घेते आणि तसंच बघते.

समासाबद्दल थोडं. यान चिखोल्ड या जर्मन मांडणीकारानं युरोपातल्या जुन्या हस्तलिखितांची मापं घेऊन एक प्रमाण सांगितलं: आतला समास २, वरचा ३, बाहेरचा ४ आणि खालचा ६. उघडलेल्या पुस्तकात आतले दोन समास मिळून बाहेरच्या एका इतके होतात आणि अंगठा ठेवायला खाली-बाहेर जागा राहते. प्रमाण देखणं आहे, पण कागद महाग आहे आणि मराठी प्रकाशकाला ते झेपत नाही हे मला माहीत आहे. त्यातली दोन तत्त्वं तरी पाळावीत. खालचा समास वरच्यापेक्षा मोठा ठेवा, नाहीतर मजकूर घसरल्यासारखा वाटतो. आणि पाठीला गोंद लावून बांधलेला जाड अंक पूर्ण उघडत नाही, म्हणून तिथे आतला समास उलट वाढवून द्या. शब्दांची शेवटची अक्षरं शिवणीत गेलेले अंक विकत घेऊन वाचकानं पान फाकवत बसावं, हे मला अन्यायाचं वाटतं. पानांची संख्या सोळाच्या फर्म्यात बसवा, रंगीत चित्र कडेपर्यंत जात असेल तर कापण्यासाठी तीन मिलिमीटर जास्त सोडा. या गोष्टी छापखान्यात जाऊन एका दुपारी शिकता येतात.

फाँट निवडताना मराठी माणसानं ‘ल’ आणि ‘श’ ही दोन अक्षरं आधी टाइप करून बघावीत. मराठीतली त्यांची वळणं हिंदीतल्या प्रचलित वळणांपेक्षा वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनानं २००९ च्या निर्णयात ती वळणं ठरवूनही दिली. तरीही शाळेच्या भिंतीपासून सरकारी फलकापर्यंत हिंदी वळणाचा ‘ल’ सर्रास दिसतो, कारण फाँट उघडला आणि जे आलं ते वापरलं. पहिलीतलं मूल वहीत एक ‘ल’ गिरवतं आणि फलकावर दुसरा बघतं. आता तर सबबही उरलेली नाही. ‘टिरो देवनागरी मराठी’ हा खास मराठी वळणांचा फाँट कुणालाही फुकट मिळतो, पुस्तकाच्या मजकुराला तो उत्तम आहे. फाँट घडवणाऱ्या मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ही मोफत आहे आणि त्याला वजनं भरपूर आहेत, पत्रकांना आणि शीर्षकांना तो मी हमखास वापरते. दोन्ही युनिकोड आहेत, म्हणजे पुस्तकाचा मजकूर उद्या संकेतस्थळावर टाकायचा झाला तर पुन्हा टाइप करावा लागत नाही. आणि कुठलाही फाँट आडवा ताणून जागा भरू नका. शिरोरेषा बारीक राहते, काने जाड होतात आणि अक्षराची ठेवणच मोडते.

शिकायचं कसं, असं विचाराल तर घरी बसून पुष्कळ होतं. कपाटातला एखादा नीट छापलेला जुना अंक काढा. ‘मौज’चा दिवाळी अंक असेल तर उत्तमच. पानावर बटर पेपर ठेवा आणि मजकुराच्या जागी नुसते चौकोन काढा: शीर्षकाचा, चित्राचा, रकान्यांचा. बटर पेपर उचलला की मांडणीचा सांगाडा हातात येतो. फूटपट्टीनं चारही समास मोजून कडेला लिहा, दोन ओळींमधलं अंतर मोजा. मग त्याच मजकुराची वेगळी मांडणी काड्यापेटीएवढ्या चौकोनांत पेन्सिलीनं करा. एक झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. पहिली सुचते ती बहुधा कुठेतरी पाहिलेली असते. पाचव्या-सहाव्यात स्वतःचं काही येऊ लागतं. आवडलेली मांडणी डोळे किलकिले करून बघा. धूसर झालेल्या पानावरही आधी काय, मग काय, हे कळत असेल तर ती मोठी करा. इथे आल्यावर संगणक सुरू करायचा.

आणि पत्रकं, अहवाल, अंक छापून घेणाऱ्या सगळ्या मंडळांना, शाळांना, संस्थांना माझी एक विनंती आहे. मांडणी करणाऱ्याला मजकूर देताना त्याच्या वर एक ओळ लिहून द्या: हा कागद कोण वाचणार आहे, आणि कुठे उभं राहून.